कार्पेट, काडी की बी? कर्जत-खालापुरातल्या हिरवळीचा हिशेब

पावसाळ्यात कर्जत-खालापुरात गवत लावायची गरज कुणालाच पडत नाही. उपटायला मात्र माणसे लागतात. बांधावरची हरळी भातात शिरू नये म्हणून शेतकरी तिच्या हात धुऊन मागे लागलेला असतो. तीच हरळी दूर्वांच्या जुड्या होऊन खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकापुढे विकली जाते. दिवाळी सरते, डोंगर पिवळे पडू लागतात आणि मग या हरळीच्या सुधारित भाईबंदांना चौरस फुटाचा भाव येतो. फार्महाऊसवाले, रिसॉर्टवाले, लग्नाच्या लॉनचे मालक तयार हिरवळ मागवतात. घाटावरच्या रोपवाटिकांत वाढवलेले गवत मातीच्या पातळ थरासकट कापून, लाद्या किंवा गुंडाळ्या करून बोरघाटाने खाली येते. सकाळी तांबडी असलेली जमीन संध्याकाळी हिरवी झालेली असते. धंद्यात याला ‘कार्पेट लॉन’ किंवा नुसते ‘कार्पेट’ म्हणतात.

हे कार्पेट अंथरावे की गवताच्या काड्या लावून तीन-चार महिने थांबावे, हा प्रश्न वरकरणी माळ्याच्या पातळीवरचा वाटतो. पण त्यात माती आहे, उन्हाळ्यातले पाणी आहे, भाताची खाचरे आहेत आणि शास्त्रज्ञांमधला एक वादही आहे. या सगळ्यात चर्चा आज कुठवर आली आहे, ते पाहण्याजोगे आहे.

गासड्यांपासून चौरस फुटापर्यंत

या दोन तालुक्यांचा गवताशी संबंध जुना, पण तो शोभेचा नव्हता. ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) पट्ट्यात पावसाळ्यानंतर माळावरचे गवत कापायचे, वाळवायचे, दाबून गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना करायच्या, असा धंदा होता. खाली खाचरात भात, वर वरकस जमिनीत नाचणी-वरी आणि त्याच्याही वर गवत, अशी जमिनीची वाटणी असे. कर्जत हे नाव (रायगडातले, अहिल्यानगरचे नव्हे) शेतकऱ्यांना ठाऊक आहे ते भातासाठी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे इथे संशोधन केंद्र आहे आणि ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ असे वाण त्याच्या नावावर आहेत.

कापलेली, सपाट, निव्वळ पाहण्याची हिरवळ इंग्रजांबरोबर आली. इंग्लंडात एडविन बडिंगने १८३० साली गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. तोवर असली हिरवळ राखायची तर विळे चालवणारे नोकर किंवा मेंढ्यांचा कळप पदरी लागे. मुंबईत जिमखान्यांनी आणि रेसकोर्सने तिला जागा दिली. कर्जतच्या डोक्यावरच्या माथेरानची ‘ओळख’ ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली करून दिली. तिथल्या लाल मातीत आणि गर्द सावलीत मात्र हिरवळीचा प्रयोग कधी फारसा रुजला नाही.

खालच्या गावांत लॉन खऱ्या अर्थाने आले ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाबरोबर. हा रस्ता २००२ साली पूर्ण खुला झाला आणि खालापूर मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आले. २००५ मध्ये कर्जत परिसरात कलादिग्दर्शक नितीन देसाईंचा एन. डी. स्टुडिओ उभा राहिला, २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उद्यान सुरू झाले. नेरळ, कशेळे, चौक, खालापूर या भागांत फार्महाऊसचे प्लॉट पडू लागले. भाताच्या खाचरांवर मुरमाचा भराव आला, भरावावर बंगला आला आणि बंगल्यापुढे हिरवळ हवीच हे गृहीत धरले गेले. तिचा पुरवठा घाटावरून होतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची जी मोठी रांग आहे, तिथून झाडांबरोबर कार्पेटही येते.

लावण्याच्या तऱ्हा

बागायतीच्या पुस्तकांत हिरवळ लावण्याच्या चार पद्धती सांगितलेल्या असतात. पहिली बी पेरण्याची. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत बेभरवशाची. पहिल्या जोरदार सरीत बी वाहून जाते आणि उरलेल्या जागी तण चढते. शिवाय चांगल्या संकरित गवतांना बी धरतच नाही. ग्लेन बर्टन यांनी अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथे तयार केलेले आणि १९६० मध्ये प्रसारित झालेले ‘टिफवे’ हे हरळीच्या दोन जातींचे संकरित, वंध्य गवत. त्याला मुळ्या-काड्यांनीच वाढवावे लागते.

दुसरी पद्धत काडी लावण्याची. माळी तिला ‘डिबलिंग’ म्हणतात. गवताच्या मुळ्या असलेल्या काड्या चार ते सहा इंचांवर टोचायच्या, पाणी द्यायचे, तण काढायचे आणि वाट पाहायची. आपल्याकडे बहुतेक सार्वजनिक बागा अशाच तयार झाल्या. तिसरी पद्धत गिलाव्याची: गवताचे बारीक तुकडे, माती आणि ताजे शेण पाण्यात कालवून त्याचा इंचभर जाड लेप ओल्या जमिनीवर द्यायचा. शेणाने सारवलेल्या अंगणांच्या मुलखात ही पद्धत मागे पडावी हे नवलच. चौथी पद्धत कार्पेटची.

गवताच्या जातींची नावे बाजारात सैल वापरली जातात, त्यामुळे काय विकत घेतले याचा घोळ होतो. ‘सिलेक्शन नंबर वन’ आणि ‘बर्म्युडा’ ही हरळीच्या कुळातली. त्यांना भरपूर ऊन लागते, तुडवणे सोसते आणि वाढ झपाट्याने होते, म्हणजे कापणीही वरचेवर. ‘मेक्सिकन’ आणि ‘कोरियन’ म्हणून विकली जाणारी गवते साधारणपणे झॉयसिया गटातली. दाट, मऊ, पण संथ. आंब्या-चिकूच्या सावलीत या दोन्ही गटांपेक्षा रुंद पात्याचे अ‍ॅक्सोनोपस, म्हणजे बाजारातले ‘बफेलो’, बरे टिकते. खाऱ्या पाण्याला पास्पालम चालते. ते अलिबागच्या किनाऱ्याला उपयोगाचे, कर्जतला त्याची गरज नाही.

झॉयसियाचा संथपणा कार्पेटच्या बाजूने मोठा मुद्दा ठरतो. हरळीची काडी एका पावसाळ्यात जमीन झाकते. झॉयसियाची काडी मालकाच्या संयमाचा अंत पाहते.

कार्पेटची बाजू

पहिला फायदा वेळेचा, आणि रिसॉर्टवाल्याच्या दृष्टीने पुढचे फायदे नाही मोजले तरी चालतील. लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. ऑक्टोबरात काडी लावली तर पहिला मांडव चिखलातच पडणार. कार्पेट दोन आठवड्यांत नवी मुळे खाली सोडू लागते आणि चार ते सहा आठवड्यांत बेताची वर्दळ सोसण्याइतके धरते. माळी यासाठी साधी परीक्षा करतात: लादीचा कोपरा हलकेच वर ओढायचा. सुटला नाही तर मुळे धरली.

दुसरा फायदा मातीचा. कर्जत परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. ताज्या भरावावर असा पाऊस आपटला की बारीक माती सुटते, घळी पडतात, गाळ ओढ्यातून उल्हास नदीत किंवा पाताळगंगेत जातो. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातल्या ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कृत्रिम पाऊस पाडून केलेले प्रयोग या चर्चेत सांगितले जातात. उघड्या जमिनीपेक्षा गवत असलेल्या तुकड्यांतून माती खूपच कमी वाहिली, असे त्यांत दिसले. त्याच प्रयोगातली दुसरी बाब मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत: विरळ गवतानेही मातीची झीज बरीच आटोक्यात आली. म्हणजे काडी लावून निम्मी झाकलेली जमीनही अगदीच उघडी नसते. कार्पेटचा खरा फायदा पहिल्या काही आठवड्यांत आहे, जेव्हा काडीने अजून काहीच झाकलेले नसते.

उतारावर हा फायदा सर्वांत ठळक. लाद्या उताराला आडव्या, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून बसवतात आणि बांबूच्या खुंट्यांनी अडकवतात. बंगल्याच्या जोत्याभोवतीचा, रस्त्याच्या कडेचा छोटा उतार याने धरला जातो. इथे एक गल्लत टाळायला हवी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून डोंगरउतारावरचे मालक ‘गवत लावले तर माती सरकणार नाही ना’ असे विचारतात. गवताची मुळे वरच्या काही इंचांतली धूप रोखतात. कित्येक मीटर खोलीवरून सुटणारी दरड हे वेगळेच प्रकरण आहे; तिथे पाण्याचा निचरा, खडकाची स्थिती आणि उतार कापला आहे का, हे पाहावे लागते.

तिसरा फायदा तणाचा. दाट लादीखाली प्रकाश पोचत नाही, त्यामुळे जमिनीतले गाजरगवत आणि इतर वार्षिक तणे सहज उगवत नाहीत. काडीच्या लॉनमध्ये पहिले तीन महिने निंदणी सुटत नाही. ही निंदणी बहुधा जवळच्या ठाकूरवाडी-कातकरवाडीतल्या बायका करतात, म्हणजे मालकाचा खर्च वाचतो तिथे कुणाचा तरी रोजगार बुडतो. नफ्या-तोट्याच्या गणितात ही नोंद कोणत्या रकान्यात घालायची, हे गणित मांडणाऱ्यावर आहे.

आक्षेप: माती कुणाची, आणि खाली काय आहे?

कार्पेटवरचा सर्वांत जुना आक्षेप मातीचा. लादीबरोबर दीड ते अडीच सेंटिमीटर माती येते. दोन सेंटिमीटर धरले, तर एक एकर हिरवळीबरोबर सुमारे ८० घनमीटर थर येतो, म्हणजे वजनाने शंभर टनांच्या आसपास. मुळे आणि धागे वजा केले तरी ही कुठल्या तरी शेताची वरची, कसदार माती आहे. पुणे जिल्ह्यातली काळी माती अशी हप्त्याहप्त्याने घाट उतरते. रोपवाटिकांचे म्हणणे वेगळे आहे: ते दर काढणीनंतर शेणखत, गाळमाती घालतात, कापणीत मधे पट्टे सोडले की गवत पुन्हा भरते, आणि लादीचे बरेचसे वजन पाण्याचे आणि मुळांचे असते. प्लास्टिकच्या कागदावर माती-खताचा पातळ थर पसरून गवत वाढवायची पद्धतही आहे. तिथे शेताची माती खरवडली जात नाही, पण थर अगदी पातळ असल्याने वाहतुकीत गवत लवकर सुकते. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी तथ्य आहे. एकाच शेतातून वर्षामागून वर्षे काढणी झाल्यावर मातीची पातळी किती खाली जाते, हे मोजल्याशिवाय वाद मिटणार नाही.

या मातीबरोबर पाहुणेही येतात. लव्हाळ्याच्या गाठी लादीत लपून येतात आणि वरचे गवत कापून त्यांचे काहीच बिघडत नाही. हुमणीची अळी येते. ती मुळे खाते आणि एके दिवशी हिरवळीचा तुकडा गालिच्यासारखा उचलून हातात येतो. म्हणून जाणते माळी ट्रक उतरवून घेण्याआधी दोन-चार लाद्या उलटून पाहतात.

पण या दोन तालुक्यांत कार्पेट फसण्याचे मुख्य कारण बहुधा वरच्या मातीत नसते, खालच्या जमिनीत असते. भाताचे खाचर पाणी धरून ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून तयार केलेले असते. नांगराच्या तळाशी, वीतभर खोलीवर, त्यात एक घट्ट थर बसलेला असतो. भाताला तो हवाच. हिरवळीला तो शत्रू. अशा खाचरावर, किंवा जेसीबीने दाबलेल्या मुरमावर, चार इंच लाल माती टाकून वर कार्पेट अंथरले की जुलैत पाणी मधल्या थरात अडकते. मुळे कुजतात, रायझोक्टोनिया आणि पिथियमसारख्या बुरशींचे पिवळे-तपकिरी चट्टे पडतात, शेवाळ चढते. मालक म्हणतो कार्पेट वाईट निघाले, रोपवाटिका म्हणते पाणी जास्त झाले. चुकलेले असते ते त्याआधीचे काम: घट्ट थर फोडणे, शंभर फुटांना एक-दोन फूट असा उतार देणे, सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला वाट काढून देणे.

मातीच्या दोन थरांचा प्रश्नही इथलाच. घाटावरची चिकण काळी माती इथल्या भरड मुरमी मातीवर बसते. बारीक मातीतले पाणी भरड मातीत सहज उतरत नाही आणि मुळेही सांध्याशी अडखळतात. वरची लादी ओली, खालची जमीन कोरडी, असा प्रकार मार्चमध्ये पुष्कळ ठिकाणी दिसतो. काडीच्या लॉनमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण गवत पहिल्या दिवसापासून तिथल्याच मातीत वाढते. काडीच्या समर्थकांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा म्हणायला हवा.

पाणी

कार्पेटच्या चर्चेत गाडी शेवटी पाण्यावर येऊन थांबते. पण इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात: लावताना किती पाणी लागते, आणि नंतर कायमचे किती.

लावतानाचा फरक फारसा मोठा नाही. कार्पेटला पहिले दोन आठवडे रोज, उन्हात दोनदा पाणी द्यावे लागते, कारण मुळे कापलेली असतात आणि पाने सगळी असतात. काडीला एका वेळी थोडे पण अधिक आठवडे द्यावे लागते. नंतरचा हिशेब दोघांना सारखाच लागू पडतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात हिरवळ दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडवते असे धरले, तर हजार चौरस फुटांना रोज साडेचारशे लिटरहून थोडे जास्त आणि एकराला वीस हजार लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर, रोज.

हा आकडा ऐकून कुणीही दचकेल. त्याच्या शेजारी दुसरा ठेवून पाहावा लागतो. नोव्हेंबर ते मेअखेर हिरवळ याच दराने जगवायची तर एकूण सुमारे एक मीटर उंचीचे पाणी लागते. उन्हाळी भातालाही साधारण तेवढे किंवा त्याहून जास्त लागते. कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होतो तो राजनाला कालव्यावर, आणि कालव्याचे पाणी येते टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून. १९२२ साली सुरू झालेले हे केंद्र घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी खाली सोडते. १९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या केंद्राचे पाणी तसेच पाताळगंगेला मिळते. म्हणून एकरामागे हिरवळ भातापेक्षा उधळी आहे असे म्हणता येत नाही. आक्षेप घेणाऱ्यांचे उत्तर असे की भात खाता येतो. त्याला प्रतिउत्तर असे की रिसॉर्टच्या एकरावर भाताच्या एकरापेक्षा जास्त माणसांना काम मिळते. दोन्ही विधाने खरी असू शकतात.

अडचण जागेची आहे. कालव्याच्या आणि नदीच्या काठी पाणी आहे. वरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. खालापुरातल्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. फार्महाऊसची बोअरवेल बेसॉल्टच्या भेगांतले पाणी उपसते आणि त्याच भेगांशी शेजारच्या वाडीची विहीर जोडलेली असू शकते. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरानभोवती २१४.७३ चौरस किलोमीटरचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. भूजलाचा उपसा हा त्यातही नियंत्रणाचा विषय आहे. एकेका बोअरवेलपाशी हे नियंत्रण कसे चालते, हा वेगळ्या लेखाचा विषय.

हिरवळीच्या पाण्याचा जाहीर फैसला महाराष्ट्राने पाहिला तो क्रिकेटमुळे. २०१६ च्या दुष्काळात आयपीएलच्या मैदानांवर पाणी घालण्याविरुद्ध जनहित याचिका झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवावेत. क्रिकेट मंडळाची तयारी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची होती. सामने गेले, मुद्दा मात्र राहिला. सांडपाणी शुद्ध करून हिरवळीला देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि शंभर खोल्यांच्या रिसॉर्टला ते सहज जमावे. तीन खोल्यांच्या, आठवड्याला दोनच दिवस उघडणाऱ्या फार्महाऊसमध्ये मात्र सांडपाणीच पुरेसे तयार होत नाही.

मुहूर्त कधीचा?

कार्पेट कधी अंथरावे, यावर माळ्यांतच दोन तट आहेत. एक तट जूनच्या पहिल्या सरींनंतर लगेच म्हणतो: हवेत ओल असते, वरून पाणी फुकट, मुळे झपाट्याने धरतात. दुसरा म्हणतो, जुलैच्या मुसळधारेत न धरलेल्या लाद्या उतारावरून घसरतात, सपाटीवर तरंगतात. ढगाळ हवेत ऊन कमी मिळाल्याने हरळी खंगते. आणि ओल्या जमिनीवर ट्रक गेला की सपाटीकरण वाया जाते. त्यांचा मुहूर्त सप्टेंबरअखेरचा: जमीन ओली, ऊन परतलेले, पाऊस निवळलेला. निचरा चांगला आणि उतार कमी असेल तर पहिल्या गटाचे पटते. खाचरावरच्या भरावासाठी दुसऱ्या गटाचे. यात तडजोड म्हणून मेअखेरीस अंथरून महिनाभर हाताने पाणी घालायचे, असेही काही जण करतात. ती सर्वांत महागडी वाट, कारण पाण्याच्या सर्वांत तुटीच्या दिवसांत सर्वांत तहानलेले गवत जमिनीवर येते.

उन्हाळ्यातल्या वाहतुकीची एक गंमत सांगण्याजोगी आहे. रचून ठेवलेले गवत श्वसन करत राहते आणि ढिगाच्या आत तापमान वाढते. दुपारी भरलेला ट्रक घाटातल्या कोंडीत अडकला, तर मधल्या लाद्या पिवळ्या पडून उतरतात. कापल्यापासून चोवीस तासांत अंथरावे, फार तर दोन दिवसांत, हा नियम म्हणूनच आहे. रात्री भरून पहाटे उतरवणारे ट्रक वाहतुकीच्या कोंडीपेक्षा गवताच्या श्वासाला जास्त घाबरतात.

हवामानाच्या दप्तरात

हिरवळ हवेतला कार्बन साठवते, हा दावा अलीकडे जाहिरातींतही आला आहे. त्याला आधार आहे. चियान आणि फॉलेट या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या गोल्फ मैदानांच्या मातीच्या नोंदी तपासून दाखवले की पहिली पंचवीस-तीस वर्षे हेक्टरी वर्षाला सुमारे एक टन कार्बन साठतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या टाउनसेंड-स्मॉल आणि झिमचिक यांनी उलट बाजू मांडली: खत, पाणी आणि यंत्रांचे इंधन मोजले तर हिरवळ घेते त्याहून जास्त देते. मग त्याच वर्षी त्यांच्या इंधनाच्या आकडेमोडीत चूक निघाली, दुरुस्ती छापली गेली आणि शोभेच्या हिरवळीचे चित्र बरेच सुधारले. त्या अभ्यासातला एक भाग दुरुस्तीनंतरही उभा आहे: खेळाच्या मैदानांवर गवत वारंवार उखडून नवे अंथरले जाते, म्हणून तिथे मातीत कार्बन साठत नाही. दर हंगामात नव्याने कार्पेट टाकणाऱ्या लग्नाच्या लॉनला हे लागू पडावे. हे सारे मोजमाप मात्र कोरड्या हवेतले, वेगळ्या मातीतले आहे. साडेतीन महिने पाण्याखाली भिजणाऱ्या कोकणच्या मातीत खतातला नायट्रोजन वेगळा वागतो, त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे आणता येत नाहीत.

तिसरा पक्ष

कार्पेट की काडी, या वादाला कंटाळून काहींनी दोन्ही सोडले. प्लास्टिकची हिरवळ पाणी पीत नाही, पण एप्रिलच्या दुपारी तिच्यावर अनवाणी उभे राहता येत नाही. उन्हात ती साठ अंशांच्याही वर तापते. अशा मैदानांत भरले जाणारे रबराचे दाणे सूक्ष्म प्लास्टिक म्हणून पर्यावरणात जातात, म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्यांच्यावर आठ वर्षांच्या मुदतीने बंदी घातली. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन मीटर पाऊस वाहत असताना हे दाणे कुठे जातील, वेगळे सांगायला नको.

दुसरा पर्याय स्थानिक गवतांचा. मारवेल, पवन्या यांचे माळ जून ते डिसेंबर देखणे असतात, पण जानेवारीनंतर वाळतात आणि वणव्याला निमंत्रण देतात. घराभोवती त्यांना वेळेवर कापावेच लागते. जलपिंपळीसारखी जमिनीला धरून वाढणारी वनस्पती कमी पाण्यात हिरवी राहते आणि तिला फुलपाखरे येतात. खुर्च्या-टेबले मात्र ती सोसत नाही.

अमेरिकेत नेवाडा राज्याने २०२१ मध्ये यावर एक नेमका कायदा केला. लास वेगासच्या परिसरात ‘वापरात नसलेल्या’ हिरवळीला, म्हणजे ज्यावर कुणी खेळत नाही, बसत नाही अशा शोभेच्या पट्ट्यांना, २०२६ नंतर कोलोरॅडो नदीचे पाणी द्यायचे नाही. घरांच्या खासगी हिरवळी त्यातून वगळल्या. वाळवंटातला कायदा कोकणाला लागू करण्यात अर्थ नाही, पण त्यातली विभागणी उपयोगी आहे. लग्नाचे लॉन वापरात आहे, मुलांच्या खेळाचे आवार वापरात आहे. फाटकापासून बंगल्यापर्यंतचा, मालक गाडीतूनच पाहतो तो अर्धा एकर कशात मोडतो, हे प्रत्येकाला कळते.

अजून न सुटलेले

आजघडीला सहमती आहे ती एवढी: छोट्या उतारावर, जोत्याभोवती आणि हंगामाआधी वापरात आणायच्या जागेवर कार्पेट सरस ठरते, सपाट, मोठ्या, घाई नसलेल्या जागेवर हरळीची काडी कमी खर्चात जवळपास तेच देते, आणि इथल्याच मातीत मुरलेली हिरवळ देते. खाचरावरच्या भरावाचा निचरा केला नाही तर दोन्ही फसतात. काही माळी आता मिश्र पद्धत वापरतात. कडांना, उतारांना, पायवाटेशेजारी कार्पेटचे पट्टे आणि मधल्या मैदानात त्याच गवताची काडी. पट्ट्यांतून गवत मैदानाकडे सरकते आणि घाट उतरणारी माती निम्म्याहून कमी होते. ही पद्धत एका पावसाळ्यात चांगली दिसते.

मतभेद आहेत ते पुढच्या टप्प्याबद्दल. कार्पेटचा पहिल्या वर्षाचा फायदा पाचव्या वर्षी उरतो का, की तोवर दोन्ही हिरवळी सारख्याच होतात? घाटावरच्या चिकण मातीचा थर इथल्या मुरमात मिसळायला किती पावसाळे लागतात, आणि वरून वाळू-खताचा पातळ थर देत राहिल्याने तो काळ घटतो का? रिसॉर्टवाला तिसऱ्या वर्षी कार्पेट बदलतो ते गवत म्हातारे झाले म्हणून, की मांडवाच्या खांबांनी आणि रात्रीच्या गर्दीने माती दाबली गेली म्हणून? दुसरे कारण खरे असेल, तर नवे कार्पेट टाकण्याऐवजी जमिनीला काट्याने भोके पाडून हवा देणे पुष्कळ स्वस्त पडेल.

हे तपासायला फार मोठी यंत्रणा नको. एकाच उताराचे चार वाफे, एकात कार्पेट, एकात काडी, एकात शेणाचा गिलावा, एक उघडा. खाली गाळ साठवायला टाक्या, पाण्याला मीटर आणि तीन पावसाळ्यांच्या नोंदी. भाताच्या वाणांसाठी वर्षानुवर्षे वाफे आखणाऱ्या कर्जतसारख्या केंद्राच्या हातात हे कसब आहेच. शेणाच्या गिलाव्याचा वाफा त्यात मुद्दाम असावा, कारण त्याला माती घाटावरून आणावी लागत नाही, काडीपेक्षा तो लवकर झाकतो असे पुस्तके सांगतात, आणि बाजारात त्याची वकिली करणारा विक्रेता कुणीच नाही.